पाचवीचं दप्तर

मी पाचवीत होते तेव्हा माझं दप्तर माझी आई वाहायची. त्यावर गावातल्या प्रत्येकाला मत होतं. ज्यांच्या घरातलं एकही पोर चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यांना तर जास्तच. आईबापांनी पोरांची दप्तरं उचलावीत की नाहीत, यावर हल्ली शिकलेली माणसं तावातावानं बोलताना ऐकते आणि मी तिथून उठून जाते. माझ्याकडे या विषयावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते चहा पिता पिता बोलण्यासारखं नाही.

आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या बाजूला. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पलीकडच्या मोठ्या गावात जायचं, मधे एक ओढा आणि एक लांबलचक माळ. चौथीची परीक्षा झाली आणि माझी पाठ दुखायला लागली. आधी तेल चोळून झालं, मग अंगारा लावून झाला. शेवटी पाठीच्या मधोमध एक मणका सुपारीएवढा वर आला, तेव्हा मामा मला आणि आईला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मणक्याचा क्षय निघाला. वडील, म्हणजे आमचे दादा, त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हते. दोन बैलांपैकी एक विकायला ते बाजाराला गेले होते, कारण त्या वर्षी चारा कुठून आणायचा हे कुणालाच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि आईला बजावलं, "वर्षभर हिला ओझं उचलू द्यायचं नाही. घागर नाही, धाकटं भावंड नाही, दप्तरसुद्धा नाही." माझ्या आईनं या बोलण्याचा जो अर्थ काढला तो फक्त तीच काढू शकत होती. एसटीत बसल्यावर ती मामांना म्हणाली, "म्हंजी शाळंत जायला डाक्टरांची हरकत न्हाई. फकस्त दप्तर उचलायचं न्हाई."

मामा म्हणाले, "आक्का, पोर जगती का बघ आधी."

"जगंल की. जगून काय करायचं ते बी बघाय नगं व्हय?"

तर असं माझं नाव पाचवीत घातलं गेलं. पाऊस त्या साली आलाच नाही. जूनमध्ये लोक आभाळाकडे बघत होते, ऑगस्टमध्ये बघायचे थांबले. मोठ्या गावाच्या पुढे पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि आमच्याकडची सगळी कर्ती माणसं तिथं माती खणायला आणि वाहायला जाऊ लागली. दादा पहाटेच जायचे, मऊ जमिनीची जागा धरायला. आई भाकरी थापून, मला घेऊन मागून निघायची. शाळा वाटेवरच होती. माझं दप्तर ती आपल्या मातीच्या घमेल्यात ठेवायची आणि घमेलं डोक्यावर घ्यायची.

दप्तर हलकं नव्हतं. पुस्तकं आणि वह्या, पाटी, खाली बसायला गोणपाटाचं बस्कर, आणि सगळ्यात जड म्हणजे फिरकीचा पितळी तांब्या. शाळेची विहीर आटली होती, त्यामुळे ज्यानं त्यानं आपलं पाणी घरून आणायचं असा नियम झाला होता. मी आईला म्हणाले होते, की पुस्तकं शाळेतच ठेवते, पोरं ठेवतात. तिनं ऐकलं नाही. विद्या परक्या जागी मुक्कामाला ठेवायची नसते, असं तिचं म्हणणं. आईला अक्षरओळख नव्हती. माझा अभ्यास किती वाढला हे ती दप्तर हातात तोलून ठरवायची, आणि बायकांना सांगायची, "चौथीचं काय न्हाई हो, पिसासारखं हुतं. पाचवीचं बघा उचलून."

बायका उचलून बघायच्या आणि चिडवायच्या. एकदा एकजण म्हणाली, "हिचं दप्तर सासरी कोन न्हेनार गं?"

"नवरा न्हेईल," आई म्हणाली. बायका इतक्या हसल्या की मुकादमानं येऊन दम दिला.

मला मात्र हसू यायचं नाही. झग्याच्या आत प्लास्टर, बाहेर ऊन. आत घाम गळायचा आणि खाज सुटायची, तिथं हात पोचायचा नाही. मी बाजरीच्या सरमाडाची वाळकी काडी आत घालून खाजवायची. वर्गातल्या पोरी म्हणायच्या वास येतो. यायचाच. आंघोळीला पाणी कुणाच्याच घरात नव्हतं, पण त्यांच्या अंगावर प्लास्टर नव्हतं.

दादांना आईनं माझं दप्तर वाहणं पसंत नव्हतं. ते कडक होते म्हणून नाही, आणि लोक हसतात म्हणूनही नाही. दादा कुणाच्या हसण्याला भीक घालणारे नव्हते. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आमच्या भागात गोऱ्हा कामाला लावायचा असला, की दादांना बोलावणं यायचं. तरणाबांड उधळणारा गोऱ्हा ते न मारता, न शिव्या देता कामाला लावायचे. नुसतं जू मानेवर ठेवून त्याला फिरवायचं, मग मागं एक ओंडका बांधायचा, मग रिकामी गाडी, आणि मग हळूहळू गाडीत भर टाकत जायची. लोक म्हणायचे, यांचा हात लागलेला बैल कधी खाली बसत नाही. ओझ्यावाचून खांदा तयार होत नाही, हे दादांना वेदवाक्यासारखं ठाऊक होतं. ज्या गोऱ्ह्याला मालक लाडानं बांधून ठेवतो, तो शेवटी खाटकाकडे जातो हेही त्यांनी पाहिलं होतं.

"तू तिला बांधून ठेवलिया," ते आईला म्हणायचे. "आपुन जन्माला पुरनार हाय का? हिला सवताचं दप्तर उचलत न्हाई, तर फुडं कोन उचलनार हिला?"

"डाक्टर बोलले ते काय येडे हाईत?"

"डाक्टर शहरातल्या मान्सांच्या पाठी बघत्यात. बसून खानाऱ्यांच्या."

आई मग भांडी आपटायची आणि विषय तिथंच थांबायचा. दादांचं बोलणं मी अंथरुणावर पडून ऐकत असे. मला त्यातलं एकच वाक्य रुतून बसलं होतं. पुढं हिला कोण उचलणार. मला वाटायचं, दादा बरोबर आहेत. आई मेली तर मी कुठं जाणार? दहा-अकरा वर्षांच्या पोरीनं असला विचार करू नये, पण त्या साली मरण फार लांबचं वाटत नव्हतं. गुरं मरत होती आणि म्हातारी माणसंही.

दिवाळीनंतर प्लास्टर काढलं. आतली माझी पाठ मी पाहिली नाही, पण आईचा चेहरा पाहिला. दादांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कच्च्या मडक्यावानी झालीया." डॉक्टरांनी सुया चालू ठेवल्या होत्या आणि ओझ्याची बंदी तशीच होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, तलावाच्या भिंतीवर काम चालू असताना वरून एक धोंडा घरंगळत आला आणि आईच्या पावलावर पडला. हाड मोडलं. हाडवैद्यानं कामट्या लावून पाय बांधला आणि दोन-अडीच महिने जमिनीला पाय लावायचा नाही असं सांगितलं. त्या संध्याकाळी आईला पायाचं काही पडलं नव्हतं. भिंतीला टेकून बसली होती आणि दादांकडे बघत होती.

"हिचं दप्तर तुमी न्याल?"

दादांनी कोपऱ्यातल्या दप्तराकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हेतो."

आईनं डोळे मिटले. तिच्या आयुष्यात तिनं नवऱ्याकडे मागितलेल्या फार थोड्या गोष्टी तिला इतक्या सहज मिळाल्या असतील.

दुसऱ्या दिवशी दादांनी खरंच दप्तर खांद्याला अडकवलं. आम्ही निघालो. ओढ्यात उतरलो, तसे ते थांबले. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हलक्या आवाजात बोलू लागले. याच आवाजात त्यांना गोऱ्ह्याशी बोलताना मी ऐकलं होतं.

"बाळा, तुझी पाठ आपुन दोघं मिळून तयार करायची. घाई न्हाई करायची. आज नुसती पाटी. जमंल?"

"जमंल."

"आईला सांगू नगं. ती जीव काढील."

त्यांनी मला पाटी दिली आणि बाकी सगळं दप्तर स्वतः घेतलं. मला तो दिवस आजही आठवतो, कारण मला आनंद झाला होता. वडील माझ्याबरोबर चालत होते. जागा धरायला पहाटे जायचं सोडून ते माझ्या चालीनं चालत होते, मुकादमाची बोलणी खाणार होते, आणि सारखे वळून माझी पाठ बघत होते. असं लक्ष त्यांनी आजवर फक्त बैलांकडे दिलं होतं.

संध्याकाळी ओढ्यात आलो की पाटी परत त्यांच्याकडे जायची. घराच्या दारात आईला दिसायचं ते हे, की नवऱ्याच्या खांद्यावर दप्तर आहे आणि पोरगी मोकळ्या हातांनी चालते आहे. ती आपल्या ताटातली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची चतकोर भाकरी त्यांच्या ताटात सरकवायची. दादा ती परत सरकवायचे. ती पुन्हा सरकवायची.

पाटीनंतर पाटी आणि एक पुस्तक. मग दोन पुस्तकं. दादांनी माझ्यासाठी मापं ठरवली होती. दमले की थांबवायचे, मानेवर हात ठेवायचे, "शाब्बास" म्हणायचे. एखाद्या दिवशी मी पिवळी पडले तर भर कमी करायचे. त्यांनी मला कधी ओढलं नाही की रागावले नाहीत. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना कसाई ठरवतात, आणि मला ते सहन होत नाही.

पाठ दुखायची. आधी चालताना दुखायची, मग बसल्यावरही, मग झोपेत. दोन्ही खांद्यांच्या मधे कुणी तरी खिळा ठेवून वरून दाबतं आहे असं वाटायचं. मी बोलले नाही. आईला बोलले असते तर ती दादांवर तुटून पडली असती. दादांना बोलले असते तर त्यांनी दप्तर काढून घेतलं असतं, आणि त्याबरोबर शाळाही. कारण त्यांच्या हिशेबात ज्या गोऱ्ह्याचा खांदा धरत नाही, त्याला औताला जुंपण्यात अर्थ नव्हता. मला शाळा पाहिजे होती. वाकड्या पाठीच्या मुलीचं दुसरं काही होऊ शकत नाही, हे मला त्या वयात पक्कं कळलं होतं. तेव्हा मी दात आवळून चालायची आणि दादांना वाटायचं, पाठ धरते आहे.

संक्रांतीच्या सुमारास फिरकीच्या तांब्यासकट सगळं दप्तर माझ्या पाठीवर आलं. दादांनी हात झटकले आणि माझ्या मागून चालू लागले. मी वळून पाहिलं तर ते हसत होते. दुष्काळ पडल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते. एक बैल विकला, दुसरा छावणीत बांधलेला, हातांना मातीशिवाय काही काम नाही, आणि अशा दिवसांत त्यांना एक गोष्ट साधली होती. कामावर त्यांनी दोघातिघांना सांगितलंही. एकानं मला वाटेत थांबवून म्हटलं, "व्हय गं, पाठ घट्ट झाली म्हनं तुजी?" मी मान हलवली.

पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. मला वाटलं, जमिनीवर मांडी घालून बसल्यानं येत असतील. मग माळावरून चालताना कधी पाय ठेवला तिथं पडायचा नाही, जरा बाजूला पडायचा. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे हेच मला कळत नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी ओढ्यात पोचलो. मी दप्तर उतरवलं. दादांची नजर माझ्या पायाकडे गेली आणि ते खाली बसले. माझ्या तळव्यात बाभळीचा काटा होता. बोटाच्या पेराएवढा आत गेलेला, आणि मागं वाळूत रक्ताचे ठिपके. म्हणजे मी बरंच अंतर तसंच चालले होते.

"कवा घुसला?"

"म्हाईत न्हाई."

त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि काटा उपसला. काटा खोल होता, त्यांना जोर लावावा लागला. मी बघत होते. मला काहीच वाटलं नाही. दादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. त्यांचा चेहरा असा उजळला, की मीही हसले.

"रडली बी न्हाईस," ते म्हणाले. "घट्ट झालीस माजी बाय. आता मला तुजी काळजी न्हाई."

आता या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं. माझ्या पायांतला जीव जात होता आणि माझे वडील वाळूत बसून त्याचं कौतुक करत होते. आणि मीही त्यात खूश होते.

शिमग्याच्या आधी, सकाळी आईनं हाक मारली. मी उठायला गेले. कमरेच्या वरचा भाग उठला आणि खालचा उठला नाही. मी हातानं पाय ओढून बघितला. तो माझा नव्हताच, दुसऱ्या कुणाचा तरी अंथरुणात राहिला होता. मी दादांना हाक मारली.

दादा आले. त्यांनी मला उभं करून बघितलं. मी पोत्यासारखी खाली बसले. त्यांनी पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला त्यांनी मला धरूनच ठेवलं.

आई भिंतीशी बसली होती. कामट्या सुटल्या होत्या, पण अजून तिला नीट चालता येत नव्हतं. तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "दप्तर कोन न्हेत हुतं?"

दादांनी मला हळूच अंथरुणावर ठेवलं.

ती बसल्या बसल्या सरकत कोपऱ्यापर्यंत गेली. खुंटीखाली दप्तर होतं. तिनं ते एका हातानं उचललं, जरा वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं. हेच दप्तर ती महिनोन्महिने मोठ्या तोऱ्यात लोकांना उचलून दाखवत आली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. मला वाटतं, केला असता तर दादांना जरा बरं वाटलं असतं.

"तिला उचला आता," एवढंच ती म्हणाली.

एसटी मिळायची ती सडकेवर, ओढा आणि माळ ओलांडून. दादांनी मला पाठीवर घेतलं. माझे पाय धरता येत नव्हते, म्हणून आईनं आपल्या जुन्या लुगड्यानं मला त्यांच्या पाठीशी बांधलं. कामावर जाणारी माणसं वाटेत भेटत होती आणि काही न विचारता बाजूला होत होती. ऊन अजून चढायचं होतं. दादा ओढ्यात उतरले, पलीकडे चढले, आणि माळ लागल्यावर, चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुखत हुतं का?"

"व्हय."

"लई?"

"व्हय."

थोडं अंतर ते तसेच चालले. मग म्हणाले, "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी शाळा बंद केली असती."

माझ्या छातीखाली त्यांची पाठ होती. ती एकदा मोठी झाली आणि तशीच थांबली. त्यांना खोटं बोलता आलं असतं. आजारी पोरीशी खोटं बोललं तर कुणी नावं ठेवत नाही.

"केली असती," दादा म्हणाले, आणि चालत राहिले.

नगरला मी कितीतरी महिने पालथी पडून होते. डॉक्टर दादांना काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. दादांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पायांत जीव हळूहळू परत आला, आधी अंगठ्यात, मग घोट्यात. पाठ मात्र वाकली ती वाकलीच. माझा झगा मागून वर उचलला जायला लागला तो तेव्हापासून, आणि आता साडी जाते. माझं लग्न झालं नाही. मी पुढं शिकले, नोकरी केली, आईला आणि दादांना शेवटपर्यंत सांभाळलं. हे सगळं झालं, पण झालं म्हणून मागचं भरून आलं असं मला कधी वाटलं नाही.

दोन वर्षांनी मी पुन्हा पाचवीत बसले, माझ्यापेक्षा कितीतरी लहान पोरांमधे. पाऊस झाला होता, शेतं उभी होती, दादांनी नवी बैलजोडी धरली होती. तरी रोज सकाळी औत तसंच ठेवून ते माझं दप्तर घेऊन माझ्याबरोबर यायचे, आणि फाटकाशी न थांबता थेट वर्गात यायचे. शाळेत नवे हेडगुरुजी आले होते. चांगले गृहस्थ होते, शिस्तीचे. त्यांना आमचं मागचं काही ठाऊक नव्हतं. काही दिवस त्यांनी पाहिलं आणि मग एके दिवशी वर्गाच्या दारात दादांना थांबवलं.

"असे लाड करू नयेत," ते समजुतीनं म्हणाले. "मुलांचं ओझं मुलांनीच उचलावं. सवय लावली की होते हळूहळू."

दादांच्या हातात टोपी होती. दप्तर खांद्यावर होतं. सगळा वर्ग बघत होता.

"लावून बघितली, गुरुजी," दादा म्हणाले.

मग त्यांनी दप्तर माझ्या जागेवर नेऊन ठेवलं, तांब्या बाहेर काढून भिंतीशी ठेवला आणि ते शेतावर गेले.